देवाची उजवी बाजू

भात कापून झालं, पेंढा घरी आला, की आमच्या गावाला काही दिवस एक वास येतो. ओल्या मातीचा म्हणावा तर माती तेव्हा अर्धी सुकलेली असते, गवताचा म्हणावा तर गवत कापलेलं. मुंबईहून दिवाळीला येणारे त्याला "गावचा वास" म्हणतात आणि मोकळे होतात. बाकीच्यांना त्या वासाने कामं आठवतात. खोरं कुठे ठेवलंय, बियाणं उंदराने खाल्लं की काय, व्हाळाला, म्हणजे आमच्या ओढ्याला, पाणी किती उरलंय. मला मात्र दर वर्षी सुटल्यासारखं वाटतं. डोक्यावरची जड टोपली कुणीतरी हात लावून उतरवून घ्यावी तसं. मी खळ्यात उभी राहून दोन-तीन लांब श्वास घेते आणि फोनवर सून असली तर तिला सांगते, आला बाई वास. ती पुण्याला असते. ती विचारते, कसला? आता तिला काय सांगणार, की हा तुझ्या आजेसासूचा वास आहे म्हणून.

माझं माहेर फोंडाघाट. घाट उतरून आलेल्या ट्रकवाल्यांनी पहिला चहा जिथे घ्यायचा, असं ते बाजाराचं गाव. आमच्या दारासमोरच कोल्हापूरकडची भाजी उतरायची. कोबीचे गड्डे, टोमॅटोच्या पाट्या, गोणीतून डोकावणारी वांगी. त्यामुळे भाजी ट्रकमध्ये उगवते अशी माझी लहानपणी समजूत होती, आणि खरं सांगायचं तर लग्न होईपर्यंत ती बदलायचं काही कारण पडलं नाही. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की आम्ही सुक्या वाटाण्यांवर दिवस काढायचो. दरड हटली की भाजी पुन्हा उगवायची.

अशा मुलीला मालवणच्या आतल्या अंगाला, खाडीपासून थोड्या उंचावरच्या गावात दिलं. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. गावात वीज आली होती, पण ती पाहुण्यासारखी यायची आणि पाहुण्यासारखीच न सांगता जायची. माझे यजमान मालवणच्या शाळेत शिकवायचे. गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही इथे तेच म्हणते. ते सकाळच्या एसटीने जात आणि दिवे लागायला परत येत. मालवणच्या बाजारातून पिशवीतून काय आणायचं तर मासे. भाजी विकत आणायची हा विचारच माझ्या सासरी कुणाला शिवत नसे. मी आल्यावर मास्तरांनी एकदा कौतुकाने कोबी आणला, तर शेजारची शेवंताकाकी कुंपणावरून विचारते, घरात कोण आजारी आहे का.

भाजी यायची ती देवाच्या कोपऱ्यातून. कोपरा म्हणजे आमच्याकडे शेताचा तुकडा. देवळाच्या खालच्या बाजूला, व्हाळाच्या काठाला लागून हा कोपरा आहे, आणि तो कुणा माणसाचा नाही, देवाचा आहे. पावसात वाडीतली सगळी घरं मिळून तिथे भात लावतात. त्या भाताचा नैवेद्य होतो, जत्रेला जेवण होतं. भात निघालं की तीच जमीन वाडीला मळ्यासाठी मिळते. मग प्रत्येक घराचे आपापले वाफे. मध्ये बांध नाही, कुंपण नाही. एक मिरचीचं रोप लावलेलं असतं. त्याच्या अलीकडे आमचं आणि पलीकडे शेवंताकाकीचं.

व्हाळाला बंधारा सगळ्यांनी मिळून घालायचा. दगड, माती, झाडाच्या फांद्या, वर पेंढा. बाया कमरेला पदर खोचून पाण्यात उभ्या राहायच्या आणि गप्पा अशा मारायच्या की बंधारा आपोआप होतोय असं वाटावं. तिथून पाट काढायचा आणि पाळीपाळीने प्रत्येकाने आपल्या वाफ्याकडे पाणी वळवायचं. पाटातलं पाणी वाफ्यावर शिंपायला पोफळीची विरी. पोफळीची झावळी गळते तेव्हा तिच्या बुडाला जो रुंद, चामड्यासारखा भाग असतो, तो वाळवून, टोकं बांधून त्याचं खोलगट भांडं करतात, तीच विरी. आमच्या घरात दोन होत्या. धड होती ती सासूबाईंची. तळाला चीर गेलेली माझी. माझ्या विरीतलं निम्मं पाणी वाफ्यावर पडायचं आणि निम्मं माझ्या साडीवर.

सासूबाईंना मी आये म्हणायची. बोलताना "तुमी" म्हणायची, पण आठवताना ती "ती"च होते, त्याला आता इलाज नाही. बारीक, काटक बाई. नऊवारीचा काष्टा असा घट्ट की दिवसभर चिखलात राहून संध्याकाळी तशीच देवळात जाईल. बोलणं कमी, आणि जे बोलेल ते बहुतेक रोपांशी. मला शिकवायला म्हणून तिने कधी काही सांगितलं नाही. मी चुकले की ती फक्त "गो बाय" म्हणायची, आणि त्या दोन शब्दांत माझ्या माहेराचा, बाजाराचा आणि कोल्हापूरच्या सगळ्या ट्रकांचा उद्धार असायचा. पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने मळ्यातली सगळ्यात मोठी काकडी तोडून आणली. तिच्या देठाला लाल चिंधी बांधलेली होती. मला वाटलं, देवाला वाहिलेली शोभा असेल. ती बियाण्याची काकडी होती. चिंधी एवढ्याचसाठी की वाडीतल्या कुणी चुकून तोडू नये. वाडीतल्या कुणी तोडलीही नसती. आये काकडीकडे बघत राहिली, मग चिंधी सोडून माझ्या मनगटाला बांधली आणि म्हणाली, आता हिला कोण तोडायचं नाही. शेवंताकाकी हसून हसून पाटात बसली.

आमच्या मळ्याची आणखी एक रीत होती. वाफ्यातली पहिली भाजी आपण खायची नाही. पहिली जुडी देवाला, दुसरी शेजारच्या वाफ्याला, मग आपली चूल. त्यामुळे दर वर्षी आमच्या घरी पहिली तांबडी भाजी शिजायची ती शेवंताकाकीची आणि तिच्या घरी आमची. दोघी एकमेकींच्या भाजीला नावं ठेवायच्या. हिच्या भाजीला वाळू, तिच्या भाजीला चव नाही. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकाच पाटात पाय सोडून बसायच्या.

माझ्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, वैशाखात, सासरे गेले. आंब्याच्या झाडाखाली खाटेवर पडले होते, उठलेच नाहीत. आये रडली ती मोजकंच. पण त्यानंतर ती घरात असूनही नसल्यासारखी झाली. पावसाळ्यात परसातल्या मांडवावर पडवळं लोंबतात तेव्हा ती वाकडी होऊ नयेत म्हणून त्यांच्या टोकाला दगड बांधतात. त्या वर्षी कुणी दगड बांधले नाहीत. पडवळं वेटोळी घेत वाढली, आये त्यांच्याकडे बघत बसायची आणि उठायची नाही. मी दगड बांधायला गेले तर माझ्या गाठी सुटल्या.

गणपतीला थोरले दीर मुंबईहून आले. भला माणूस. आईला असं बसलेलं बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, आता हिला इथे ठेवायची नाही. परळला दोन खोल्या आहेत, नळाला पाणी आहे, नातवंडं आहेत. दिवाळीनंतर मी येतो आणि घेऊन जातो. मास्तर गप्प. थोरल्या भावापुढे मास्तर नेहमीच गप्प. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. वाईट वाटावं असं त्यात काही नव्हतं, पण मला त्या घरात दिवसभर एकटीने राहायचं होतं, आणि मुख्य म्हणजे मला ती हवी होती. तिची "गो बाय" ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे, हे मला तोवर कळलं नव्हतं. आणि आयेला काय हवं होतं ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मुंबईला एकदा ती पंधरवडा राहून आली होती. परत आल्यावर पहिली मळ्यात गेली आणि मातीत हात घालून बसली होती.

पण मुलाला नाही कसं म्हणायचं? वैशाखानंतर प्रथमच तिच्या आवाजात जरा धार आली.

"पाडव्याक देवाक इचारतत, मळो घालूचो काय नाय. देव घाल म्हणालो तर मी हंयच. नाय म्हणालो तर बांधतंय गाठोडा नि येतंय तुझ्यावांगडा."

दिरांना हे पटलं. देवाच्या शब्दाला कोण नाही म्हणणार. मास्तरांनाही पटलं. मी मात्र आत जाऊन पदर तोंडाला लावून हसले, कारण म्हातारीची चलाखी मला कळली होती. दिवाळीच्या पाडव्याला देवाला विचारायची रीत होती खरी, पण देवाने मळ्याला कधी नकार दिल्याचं शेवंताकाकीच्या सासूलाही आठवत नव्हतं. आयेने पैज अशी लावली होती की हरायची सोयच नव्हती. त्या दुपारी ती उठली आणि सगळ्या पडवळांना दगड बांधून आली.

कौल कसा लावतात ते आमच्याकडचं पोरगंही सांगेल, पण पुण्याच्या सुनेसाठी सांगते. गुरव देवाच्या छातीवर दोन बाजूंना फुलाच्या भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला आपली गोष्ट मोठ्याने सांगतो. उजव्या बाजूची पाकळी आधी पडली तर होय, डाव्या बाजूची पडली तर नाही. आमच्या गावात आणखी एक आहे. पाकळी पडताना बघायचं ते फक्त गुरवाने. बाकीच्यांनी डोळे मिटून, मान खाली घालून उभं राहायचं. देव विचार करत असताना त्याच्याकडे टक लावून बघू नये, असं म्हणतात. मला हे फार सभ्यपणाचं वाटतं. माणसांच्या बाबतीतही पाळायला हरकत नाही.

त्या पाडव्याला आमचे आबा गुरव थंडीतापाने अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या जागी त्यांचा भाचा आला, लांबच्या गावचा, तिथल्या देवळात पूजेला असणारा. तरुण, स्वच्छ आवाजाचा, गाऱ्हाणं असं सुंदर घातलं की शेवंताकाकी म्हणाली, आबांना अजून थोडे दिवस ताप राहिला तरी चालेल. पाकळ्या लागल्या. सगळ्यांनी डोळे मिटले. आयेने हात जोडले होते आणि तिची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती. मी डोळे मिटले नाहीत. मिटवलेच नाहीत मला. समईच्या उजेडात देवाची छाती चमकत होती. एक पाकळी हलली, समईच्या बाजूची. खाली सरकली आणि पडली. मी झटकन मान खाली घातली.

"डावो इलो," भाचा म्हणाला. "देव नाय म्हणता."

व्हाळाचा आवाज आत ऐकू येत होता. लोक एकेक करून पाया पडले आणि निघाले. आये सगळ्यात शेवटी उठली. तिने देवाकडे पाहिलं, त्यात राग नव्हता. दुकानात उधारी बंद झाल्यावर माणूस जसा काही न बोलता पायरी उतरतो, तशी ती उतरली.

माझा मुलगा इंजिनिअर आहे. त्याला ही गोष्ट सांगितली की तो म्हणतो, मग एवढं काय झालं, परसात लावायची भाजी. परसात आमच्या कातळ आहे, वितभर माती, आणि विहिरीचं पाणी प्यायलाच पुरत नाही. पण ते सोडा. तो म्हणतो, देव नाही म्हणाला तर नाही म्हणू दे, कोण बघायला येणार होतं? त्याला हे कसं सांगू की त्या दिवशी वाडीत एकाच्याही मनात ते आलं नाही. कोपरा देवाचा. ज्याची जमीन त्याने नाही म्हटलं तर आपण तिथे खोरं घेऊन जायचं, हे कुणाच्या घरात शिकवलेलं नव्हतं. शेवंताकाकी फक्त एवढंच म्हणाली, देवाचं यंदा काहीतरी बिनसलंय, आणि तिने तिचा वांग्याचा तरवा, लावणीसाठी वाढवलेली रोपं, गुरांना घातला. ते बघून मला रडू आलं. रोपं चार बोटं वाढली होती.

आमच्या घरात बियाणं चुलीवरच्या फळीवर असायचं. राख लावून, सुक्या दुधी भोपळ्याच्या कवटीत भरून, तोंडाला चिंधीचा बोळा. धुरामुळे कीड लागत नाही. आयेने सगळ्या कवट्या खाली काढल्या, पुसल्या आणि माझ्यापुढे ओळीने मांडल्या. हा मुळा, ही तांबडी भाजी, ही वाली, ही मिरची. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात काहीच शिरत नव्हतं. तिने शेवटी त्या कवट्या माझ्या स्वाधीन केल्या आणि स्वतःच्या दोन लुगड्यांची घडी ट्रंकेत ठेवली. तुळशीच्या लग्नानंतर दीर येणार होते. मी रोज सकाळी उठून देवाच्या कोपऱ्याकडे बघायची. कापलेल्या भाताच्या बुडख्यांमधून गवत वर येत होतं. तोच वास येत होता, आणि मला तो नको झाला होता.

आता लिहिताना गंमत वाटते की ते सगळं बारा-तेरा दिवसांतच घडलं. तेव्हा ते दिवस पावसाळ्याएवढे लांब होते. मास्तर संध्याकाळी आले की मी त्यांच्यावर विनाकारण डाफरायची. ते बिचारे म्हणायचे, मी काय करू, देवाशी मी वाद घालू? मी म्हणायची, भावाशी तरी घाला. यावर ते मुकाट्याने वह्या तपासायला बसायचे.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आये देवाची ओटी भरायला निघाली. जाण्यापूर्वीची शेवटची. मला म्हणाली, चल. देवळाच्या पायरीवर कोवळ्या उन्हात आबा गुरव बसले होते. अंगावर घोंगडी, गाल आत गेलेले, ताप उतरलेला. त्यांच्यासाठी मी पेज नेली होती. ते पेज पिताना खाली व्हाळाकडे बघत होते. बघता बघता त्यांनी वाडगा खाली ठेवला.

कोपरा उघडा का, असं त्यांनी विचारलं. मळा घातला नाही यंदा? आये म्हणाली, देवाने डावा दिला. आबांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. आजारी माणसाला वाईट बातमी कशाला, असा वाडीने विचार केला होता, आणि भाचा तर दुसऱ्याच दिवशी एसटीने निघून गेला होता. आबा पायरीवर पुढे सरकले. मग म्हणाले, "पाकळी पडली खंयच्या बाजूक?"

आये म्हणाली, डाव्या. आबा म्हणाले, ते ऐकलं, पण बाजू कुठली, व्हाळाकडची की वाडीकडची? आयेला कुठून ठाऊक असणार. तिने डोळे मिटले होते. वाडीतल्या सगळ्यांनी डोळे मिटले होते. आबा माझ्याकडे बघत नव्हते. नवी सून, तीही बाजाराची, आणि देवाकडे टक लावून बघितलं असं सांगायचं म्हणजे काय. पण आयेच्या हातातल्या ओटीकडे माझं लक्ष गेलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"समईच्या बाजूक. मी बघलंय."

आये वळून माझ्याकडे बघायला लागली. आबांनी घोंगडी सावरली, भिंतीला धरून उठले आणि आत गाभाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहिले. समई जिथे कायम असते तिथेच होती. ते देवाकडे तोंड करून उभे राहिले, मग स्वतः गर्रकन वळले आणि आमच्याकडे तोंड करून, देवासारखे उभे राहिले. त्यांचा उजवा हात समईच्या बाजूला आला.

"हो देवाचो उजवो, बाय," ते म्हणाले. "पोराच्या गावात गाऱ्हाणा घालणाऱ्याचो हात धरतत. आमच्याकडे देवाचो."

मला क्षणभर काही कळेना. मग मी माझा उजवा हात वर केला, त्यांचा उजवा हात बघितला, आणि कळलं. समोरासमोर उभं राहिलं की एकाचं उजवं ते दुसऱ्याचं डावं. एवढीच गोष्ट. भाच्याची चूक नव्हती, त्याच्या देवळात त्याने वाचलं ते बरोबरच होतं. आमचीही चूक नव्हती, आम्ही डोळे मिटले होते. देवाने बिचाऱ्याने होय म्हटलं होतं आणि एवढे दिवस आपल्या भक्तांचं काय बिघडलंय ते बघत बसला होता.

पण आबा पक्के गुरव. नव्या सुनेच्या एका वाक्यावर ते मळा उघडणार नव्हते. त्यांनी वाडीला हाक मारली, माणसं जमली, आणि त्यांनी पाकळ्या भिजवल्या. मग आयुष्यात मी ऐकलेलं सगळ्यात विचित्र गाऱ्हाणं घातलं. देवाला मळ्याबद्दल विचारलंच नाही. कौलाबद्दलच कौल लावला.

"बा देवा म्हाराजा, पोराक हयली रीत ठावक नाय होती. पाडव्याक तू जो दिलंस तो तुझो उजवो होतो, तर आता परत उजवो दी. नसलो तर तसा सांग."

लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि डोळे मिटले. मीही मिटले. आबा म्हणाले, तू नको मिटू, तू बघ. मग मी बघितलं. पाकळ्या हलेनात. बाहेर कुठेतरी बैलाची घंटा वाजत होती. आये माझ्या शेजारी होती आणि तिने माझं मनगट धरलं होतं, चिंधी बांधली होती तेच. एवढी बारीक बाई, पण हाड दुखावं इतकं घट्ट. आबांचे पाय लटपटायला लागले, तरी ते भिंतीला टेकले नाहीत. आणि मग समईच्या बाजूची पाकळी अगदी सावकाश, काही घाई नसल्यासारखी, सुटली आणि खाली आली.

माझा मुलगा म्हणतो, म्हणजे तुम्ही दोन वेळा नाणं उडवलंत. मी म्हणते, असेल. पण नाण्याला उजवा हात नसतो, आणि कुणाचा उजवा असंही नाण्याला कुणी विचारत नाही.

देवळात हसणं सुरू झालं ते थांबेना. शेवंताकाकी आपली वांग्याची रोपं आठवून एकदा हसे आणि एकदा भाच्याला शिव्या घाली. आयेने ओटी देवापुढे ठेवली, नमस्कार केला आणि निघाली. मला वाटलं घरी गेली. मी आबांचा वाडगा धुऊन बाहेर आले तर ती देवाच्या कोपऱ्यात होती. देवळासाठी नेसलेलं चांगलं लुगडं, काष्टा वर ओढलेला, कुणाचं तरी खोरं घेऊन वाफा ओढत होती. तिच्या मागे एकेक बाई येत गेली. अंधार पडेपर्यंत कोपऱ्याला पुन्हा मळ्याचं रूप आलं. मी बुडखे उपटत होते, हात सोलवटले होते, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी वाकल्या वाकल्या रडत होते आणि कुणाला दिसत नव्हतं. तो वास तेव्हा माझ्या नाकात बसला तो आजतागायत.

दीर आले ते ठरल्याप्रमाणे. आईला न्यायला दोन तिकिटं काढून आले होते परतीची. आई कुठे म्हणून शोधत ते मळ्यात पोचले, तर ती पोटरीभर चिखलात बंधाऱ्याला पेंढा लावत होती. त्यांना बघून ती हसली. मुलाला बघून आई हसते त्यात नवल नाही, पण वैशाखानंतर ते पहिलं होतं, आणि दिरांना ते कळलं. ते काठावर बसले, पायातल्या चपला काढल्या आणि दगड द्यायला पाण्यात उतरले. राहिले चांगले आठवडाभर. भाजी तोवर टाचेएवढीच होती, म्हणून जाताना आयेने त्यांना माळ्यावरचा जुना लाल भोपळा दिला, एवढा मोठा की मांडीवर मावेना. आईच्या तिकिटावर भोपळा मुंबईला गेला. खिडकीजवळ बसून.

त्या वर्षी मळा उशिरा लागला, तरी जो आला तो आला. धुक्यात तांबडी भाजी काळपट दिसायची आणि ऊन आलं की एकदम पेटायची. पहिली जुडी देवाला गेली, दुसरी शेवंताकाकीला. तिने नेहमीप्रमाणे नाव ठेवलं. आबा गुरवांना आये रोज काहीतरी पाठवायची, मुळा तरी, वाली तरी. माझ्या गाठी सुटायच्या बंद झाल्या. चुलीवरच्या कवट्या परत वर गेल्या आणि या वेळी कशात काय आहे ते मी विचारून घेतलं. तिने दोनदा सांगितलं, न कंटाळता.

शिमगा झाला, ऊन तापलं, व्हाळ बारीक झाला. एका संध्याकाळी आमची पाळी होती. पाटाला पाणी करंगळीएवढं. आम्ही दोघीच वाफ्याच्या दोन बाजूंना बसून ते पोचायची वाट बघत होतो. काकडीच्या वेलाला तिने लाल चिंधी बांधली होती. तिच्याकडे बघतच ती बोलली.

"पाकळी समईच्या बाजूक खरीच पडली काय गो? काय मी जावक नुको म्हणान तू तसा सांगलंस?"

मी चमकले. एवढे महिने ती हे मनात घेऊन होती. मला राग यायला हवा होता, मी खोटं बोलले असेन असं तिला वाटलं म्हणून. पण तिचा आवाज ऐकला आणि कळलं की ती उलटतपासणी घेत नव्हती. मी खोटं बोलले असले तर तिला ते आवडणार होतं.

"पडली थंयच," मी म्हटलं. "पण सगळ्यांनी डोळे मिटले नि मी उघडे ठेवलंय, तां तुमी जावक नुको म्हणानच."

पाटाच्या तोंडावरचं मातीचं ढेकूळ तिने पायाने बाजूला सारलं. पाणी वाफ्यापाशी आलं. मी माझी विरी घ्यायला हात पुढे केला, तर ती तिने आधीच उचलली होती, तळाला चीर गेलेली. आणि तिची धड विरी माझ्यापुढे ठेवली होती.